उताराला लावलेली जीप

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी जीप आहे त्यांना आधी एक प्रश्न विचारतो. रात्री ती कशी लावता? सपाटीला की उताराला?

आमच्या जत भागात याचं उत्तर बहुधा ‘उताराला’ असंच येईल. जुन्या गाडीची बॅटरी सकाळी साथ देईल याचा भरवसा नसतो. उताराला लावली की हँडब्रेक सोडायचा, गाडीनं जरा वेग घेतला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, गाडी चालू. सेल मारायला नको, धक्का मारायला चार माणसं गोळा करायला नकोत. वडापवाल्यापासून डाळिंबवाल्यापर्यंत सगळ्यांना ही युक्ती पाठ आहे. आमच्या आबांनी तर घर बांधतानाच जीपसाठी उताराची जागा राखून ठेवली होती!

डिसेंबर २०१९ मध्ये, जतच्या यल्लम्मादेवीच्या जत्रेच्या दिवसांत, त्याच उतारावरून आमची जीप गेली. १९९६ सालची एमएम ५४०. रात्री साडेबाराच्या सुमारास आबा पाहुण्यांना सोडून आले, जीप लावली, मागच्या चाकाला दगड लावला आणि किल्ली खिशात टाकून झोपले. पहाटे आई दूध काढायला उठली तेव्हा अंगणाच्या कडेला नुसता दगड होता. घरात आम्ही सहा माणसं, ओसरीवर कुत्रं, भिंतीला भिंत लावून चुलत्यांचं घर. कुणालाही आवाज आला नाही. येणार कसा? आवाज झालाच नव्हता. दगड काढला, हँडब्रेक सोडला, जीप आपल्या वजनानं खाली रस्त्याला लागली आणि चालू झाली ती पार ओढ्याच्या पलीकडे. जत्रेच्या दिवसांत रात्रभर गाड्यांची ये-जा असते, त्यात आणखी एका जीपकडे कोण बघतो?

आबांनी ठाण्यात किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, किल्ली तर माझ्याकडंच हाय की!” मी तेव्हा नववीत होतो. किल्ली इथं आणि गाडी गायब, हे कोडं माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही. उत्तर मला दोनदा मिळालं. एकदा आमच्या मिस्त्रीमामांकडून आणि नंतर द्वितीय वर्षाला आय. सी. इंजिनच्या तासाला. मामांचं उत्तर एका ओळीचं होतं. “डिझेलच्या गाडीला किल्ली लागत न्हाई, डिझेल लागतंय.” सरांनी त्यासाठी दोन तास घेतले, पण सांगितलं तेच.

किल्ली नेमकं काय करते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण ठिणगीनं पेटतं. ठिणगीला वीज लागते आणि ती वीज किल्लीतून जाते. म्हणजे पेट्रोलच्या गाडीत किल्ली बंद म्हणजे ठिणगी बंद, ठिणगी बंद म्हणजे इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नाही. सिलिंडरमध्ये फक्त हवा दाबली जाते. आमच्या जीपच्या प्यूजो इंजिनासारख्या जुन्या डिझेल इंजिनांत दाबाचं प्रमाण वीस-बावीसास एक असतं. एवढी दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते. डिझेल अडीचशे अंशांच्या आतच आपोआप पेटतं. त्यामुळे त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की काम झालं. हा फवारा देणारा पंप जुन्या गाड्यांत पूर्ण यांत्रिक असतो, इंजिनच्याच गिअरवर किंवा पट्ट्यावर फिरतो. त्याला वायर नाही, कॉम्प्युटर नाही.

मग अशा जीपमध्ये किल्ली काय करते? सेल फिरवते, हिटर प्लग तापवते, लाइट-हॉर्नला वीज देते. म्हणजे इंजिन ‘सुरू करायला मदत’ करते. इंजिन चालू राहण्याशी तिचा संबंध नाही. बंद करायला तर अनेक जुन्या जीपांना डॅशबोर्डखाली एक ओढायची दांडी असते. ती ओढली की पंपाकडून मिळणारं डिझेल बंद होतं आणि इंजिन थांबतं. आमच्या जीपला तीच होती. याचाच अर्थ उतारावरून चाकांनी इंजिन फिरवलं की किल्ली खिशात असो नाहीतर विहिरीत, गाडी चालू होणार. थंड इंजिन हिटरशिवाय लवकर पकडत नाही हे खरं, पण त्या रात्री जीप नुकतीच आलेली, इंजिन कोमट. चोराला आणखी काय पाहिजे?

नव्या गाड्यांमध्ये किल्लीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. गाडीतली यंत्रणा तिला ‘तू कोण?’ असं विचारते आणि उत्तर जुळलं तरच इंजिनच्या कॉम्प्युटरला डिझेल सोडायची परवानगी मिळते. युरोपात नव्या मोटारींना ही सोय १९९८ च्या सुमारास सक्तीची झाली. जुन्या यांत्रिक पंपाच्या जीपमध्ये परवानगी मागणारा कॉम्प्युटरच नाही, तेव्हा चिप लावून करायचं काय!

तसं बघितलं तर जीपच्या घराण्यात किल्लीला मान कधीच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला सुरुवातीला किल्ली होती, पण पुढे ती काढून साधा फिरवायचा खटका दिला गेला. लढाईत किल्ली हरवणं परवडणारं नव्हतं. मग जीप पळवली जाऊ नये म्हणून सैनिक स्टीअरिंगला साखळी बांधत किंवा डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात टाकत. १९४० साली जर्मन उतरतील या धास्तीनं ब्रिटनमध्ये तर सामान्य नागरिकांनाही उभी मोटार अशी निकामी करून ठेवणं बंधनकारक होतं. कुणाकडे अजून पेट्रोलवरची जुनी सीजे-थ्रीबी असेल तर ऐंशी वर्षांपूर्वीचा तो उपाय आजही चालतो. कॅप उघडा, रोटर काढा, खिशात टाका. रोटर नसेल तर कितीही धक्का मारा, ठिणगी प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

डिझेलवाल्यांनी रोटरच्या जागी डिझेल धरायचं. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकीचं पुढे येतंच.

डिझेल अडवा

जीप गेल्यावर वर्षभरानं आबांनी दुसरी जुनी जीप घेतली (तिच्याबद्दल शेवटी). पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीमामांनी टाकीतून फीड पंपाकडे जाणाऱ्या नळीत एक कॉक बसवला. चांगला पितळी, डिझेलला चालणारा. कुठे बसवला ते अर्थात सांगणार नाही! रात्री जीप लावली की हात घालून कॉक बंद करायचा.

आता यात एक गंमत आहे. कॉक बंद केला तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. फिल्टरमध्ये, नळ्यांत थोडं डिझेल शिल्लक असतं. तेवढ्यावर जीप चालू होते आणि थोडं अंतर जाते. मग फीड पंप बंद कॉकवर ओढत राहतो, नळीत पोकळी तयार होते, सांध्यांमधून हवा शिरते आणि इंजिन खोकून बंद पडतं. गाडीनं ‘एअर धरली’ म्हणतात ती हीच. डिझेल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. त्यामुळे पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यात जातो आणि इंजेक्टर उघडतच नाही. आता कॉक सापडला तरी भागत नाही. पाना घेऊन फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू ढिला करा, हातानं पंप मारा, फेस जाऊन निखळ डिझेल येईपर्यंत थांबा, स्क्रू आवळा. सरावाच्या माणसालाही दहा मिनिटं लागतात. चोराला ती दहा मिनिटं भर रस्त्यात, अंधारात, लोकांची कुत्री भुंकत असताना काढावी लागतात. बहुतेक जण गाडी सोडून पळतील.

माझ्या मते जुन्या डिझेल जीपसाठी पैशाच्या मानानं यापेक्षा मोठा उपाय नाही. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालक स्वतः कॉक उघडायला विसरला तर तीच शिक्षा त्याला होते. आबा एकदा गुड्डापूरला दानम्मादेवीच्या दर्शनाला निघाले, बरोबर आत्या, तिच्या सासूबाई, नारळ, हार सगळं. वेशीबाहेर जीप खोकली आणि उभी राहिली. आबांनी धोतर सावरून एअर काढली तोपर्यंत आत्याच्या सासूबाईंनी चोरापेक्षा आबांनाच जास्त ऐकवलं! तेव्हापासून कॉक बंद असला की आबा स्टीअरिंगला लाल फडकं बांधतात. मी म्हटलं, “आबा, चोरालापण कळंल की.” तर म्हणाले, “कळू दे. कुठं हाय ते कळायचं न्हाई.” विचार केल्यावर मला ते पटलं.

दुसरी सावधगिरी अशी की कॉक हलक्या प्रतीचा घेऊ नका आणि नळीला साध्या क्लिपा लावू नका. सांधा गळला तर चालू गाडीत हवा शिरत राहील आणि दोष शोधता शोधता मिस्त्री घामाघूम होईल. कॉक गरम होणाऱ्या सायलेन्सरच्या नळीजवळ तर मुळीच नको.

ज्या जीपा किल्ली फिरवल्यावर बंद होतात त्यांच्या पंपावर एक सोलेनॉइड असतं. वीज मिळाली की ते उघडं, वीज गेली की बंद. ही रचना जरा बरी, कारण तिथे किल्लीला थोडा तरी अर्थ आहे. पण बॉनेट उघडं पडलं तर त्या अर्थाचं आयुष्य फार नाही. तेव्हा बॉनेटला बाहेरच्या रबरी पट्ट्यांवर न ठेवता आतून कुलूप करून घ्या. तुमची जीप कोणत्या प्रकारची हे ओळखायला गुंतागुंत काही नाही. दांडी ओढून बंद होते की किल्लीनं, बघा. काही हुशार मित्र चालू गाडीत बॅटरीची वायर काढून हे तपासतात. कृपया तसं करू नका. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो आणि त्यातले डायोड जातात. आमच्या रूमवरच्या एकानं हा प्रयोग केलेला आहे, नाव विचारू नये.

बॅटरीचा खटका आणि लोकांचा गैरसमज

जीपवाल्यांत सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे बॅटरी कटऑफ. लाल किल्लीचा तो खटका फिरवला की बॅटरी गाडीपासून तुटते. तो जरूर लावा. जुन्या वायरिंगच्या गाडीला शॉर्ट होऊन आग लागण्याची भीती असते, तीही यानं कमी होते आणि बॅटरीही रात्रीत उतरत नाही. फक्त त्याच्यावर विसंबून जीप उताराला लावू नका. दांडीवाल्या जीपमध्ये बॅटरी पूर्ण काढून घरात नेली तरी धक्क्यावर ती चालू होते, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. सपाटीवर लावली आणि बॅटरी तोडली, तर मात्र चोराला धक्का मारायला माणसं लागतील. आणखी एक. डिझेलचा सेल शेकडो अँपिअर ओढतो. मोटारसायकलचा किंवा घरगुती खटका लावाल तर तो पहिल्या आठवड्यात वितळेल. जाड तांब्याच्या पट्टीचा, मोठ्या गाड्यांचाच घ्या.

फोर व्हीलचा दांडा

आता आपल्या जीपमधली एक फुकटची गोष्ट सांगतो. चार चाकांना जोर देणाऱ्या जीपमध्ये मुख्य गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते आणि तिचे वेगळे दांडे असतात. त्यात हाय, लो आणि मध्ये न्यूट्रल. तो दांडा न्यूट्रलमध्ये ठेवला की इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मग चोरानं धक्का मारला तरी चाकं इंजिनला फिरवत नाहीत, म्हणजे धक्क्यावर चालू होत नाही. सेल मारून चालू केली, पहिला टाकला, क्लच सोडला, तरी जीप जागची हलत नाही. जीप न चालवलेला माणूस ‘गिअरबॉक्स गेला’ असं समजून उतरतो. जाणकार असला तर अर्थातच दोन सेकंदांत ओळखेल.

पण सावधान! आपण सगळे गाडी लावताना ‘गिअरमध्ये’ लावतो, म्हणजे इंजिनचा अडसर चाकांना राहतो. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असली की तो अडसर नाही. पहिला गिअर टाकलेला असला तरी जीप मोकळी, सगळा भार हँडब्रेकवर. जुन्या जीपचा हँडब्रेक कसा असतो हे मी सांगायला नको. म्हणून हा प्रकार सपाट जागेवर, चाकाला पुढून-मागून दगड लावूनच करायचा. उताराला अजिबात नाही. नाहीतर चोराऐवजी जीप स्वतःच जाईल आणि कुणाच्या तरी भिंतीत घुसेल.

साखळी, कुलूप आणि आपली प्रयोगशाळा

स्टीअरिंगला बांधलेली साखळी दुरून दिसते, हा तिचा मोठा गुण. दोन जीपा शेजारी उभ्या असतील आणि एकीला साखळी असेल तर चोर दुसरीकडे वळेल. (दुसरी शेजाऱ्याची असते, हा वेगळा विषय.) पण स्टीअरिंगचं चाक म्हणजे पातळ सळई आणि वर प्लॅस्टिक. साखळी कापण्यापेक्षा चाकच कापणं सोपं. म्हणून साखळी चाकातून नुसती सीटला बांधू नका, क्लचच्या पेडलमधून घ्या. पेडल दाबताच आलं नाही तर गिअर टाकणं अवघड, आणि पेडल कापायला खाली वाकून बसावं लागतं. हुडाच्या उघड्या जीपमध्ये दार-खिडकीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे आतल्या अडथळ्यांनाच महत्त्व.

साखळी घेताना हार्डवेअरच्या दुकानातली किलोवर मिळणारी घेऊ नका. ती साध्या माइल्ड स्टीलची असते. हॅक्सॉनं दोन-तीन मिनिटांत कडी तुटते, हे मी आमच्या वर्कशॉपमध्ये सरांच्या परवानगीनं करून बघितलं. मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेत रॉकवेल मशीन आहे, पण दुकानात ते नेता येत नाही. तिथे एक कानस पुरे. कडीच्या कोपऱ्यावर कानस घासा. कानस धातू चावत असेल तर साखळी मऊ. कानस काचेवर घासल्यासारखी नुसती घसरत असेल तर पृष्ठभाग कडक केलेला आहे, हॅक्सॉचं पातं त्यावर बोथट होईल. दुकानदार रागावेल, पण विकत घेणार असाल तर घासू देतो. कुलूपही असं निवडा की त्याच्या कडीचा फार थोडा भाग उघडा राहील. तिथेच कटर लागतो.

जीपीएसबद्दल बरेच मित्र विचारतात. जरूर बसवा, पण तो चोरी थांबवत नाही, झाल्यावर सांगतो. त्यात मोबाइलचं सिम असतं, आणि रेंजची अडचण आमच्या पूर्व भागातल्या मुलांना मी काय सांगणार! त्याची वायर मुख्य बॅटरीवर असेल आणि तुम्ही कटऑफ फिरवला तर तो आपल्या छोट्या बॅटरीवर किती तास चालतो ते घेतानाच विचारा. ‘मोबाइलवरून इंजिन बंद करता येतं’ असं विक्रेता सांगतो तेव्हा तो रिले कुठे जोडणार ते बघा. दांडीवाल्या जीपमध्ये तो फक्त सेलच्या वायरला जोडता येतो, चालू इंजिनवर त्याचा काही परिणाम नाही. आणि जिथे तो डिझेल तोडू शकतो तिथेही धावती गाडी मोबाइलवरून बंद करू नये. समोरून एसटी येत असेल तर?

एवढ्या जुन्या गाडीला कोण नेणार?

हा प्रश्न आबांनाही पडला होता. तेवीस वर्षांची जीप, पत्रा गंजलेला, सीट फाटलेली. उत्तर असं की जीप अख्खी विकायला नेतातच असं नाही. तिचा ट्रान्सफर केस, पुढचा अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, इंजिन यांना वेगवेगळी किंमत येते. कंपनीनं बनवणं बंद केलेल्या सुट्या भागांना मागणी वाढते आणि शहरात हौसेनं जुन्या जीपा सजवणारेही वाढले आहेत. जगभर असंच आहे. इंग्लंडमध्ये लँड रोव्हर डिफेंडरचं जुनं मॉडेल जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं आणि तिथल्या शेतकऱ्यांना आपल्या जुन्या गाड्या रात्री साखळदंडांनी बांधण्याची वेळ आली. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९९९ पासून जुनी गाडी विकताना-घेताना तिला इमोबिलायझर बसवलाच पाहिजे असा नियम केला. नव्या गाड्यांपुरता नियम केला तर चोर जुन्यांकडे वळतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

कागद

आता जिथे आम्ही खरे फसलो ते सांगतो. आबांनी आरसी बुक, विमा, पीयूसी सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं होतं. कुठे? जीपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात! ठाण्यात गेल्यावर इंजिन नंबर, चॅसी नंबर विचारला तर आमच्याकडे फक्त एमएच-१० चा नंबर पाठ. नंबरप्लेट तर चोर पहिल्या तासात बदलतो. बाकीचे नंबर मिळवायला आरटीओत हेलपाटे झाले. जतहून सांगली काही जवळ नाही. तोपर्यंत तीन-चार दिवस गेले. आमची जीप सापडली नाही.

त्यामुळे आज घरी फोन करा आणि आरसीचे फोटो मागवा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक तपासा. हस्तलिखित नोंदी कॉम्प्युटरवर चढवताना चुका राहिल्या असू शकतात. परिवहनच्या नोंदीत आपल्या जीपचा चॅसी नंबर एखाद्या अक्षरानं चुकला असेल तर सापडलेली जीपही ‘आपली’ म्हणून सिद्ध करताना दमछाक होते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केली, तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. तिच्यावर लेसरनं कोरलेला क्रमांक असतो आणि एकदा काढली की तिचं कुलूप मोडतं. लोक तिच्या खर्चावर कुरकुर करतात, मीही केली. पण प्लेट बदलणाऱ्याचं काम तेवढं तरी अवघड होतं.

तक्रारीचं म्हणाल तर आमच्या वेळी भादंविचं कलम ३७९ लागलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. साध्या चोरीला कलम ३०३. प्रवासी किंवा माल वाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाची चोरी मात्र कलम ३०५ मध्ये वेगळी काढली आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हद्दीचा वादही आता घालता येत नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांना हे फार उपयोगी. जीप रात्रीत विजापूर किंवा अथणीच्या बाजूला गेली तर? आबांनी दोन्हीकडच्या पाहुण्यांना फोन केले, पण दुपारनंतर. ते पहाटेच करायला हवे होते.

विम्याबद्दल थोडक्यात. आमचा फक्त थर्ड पार्टी होता. थर्ड पार्टीमध्ये चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला एजंट कानकूं करतात. पण पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवता येते. थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी असं मर्यादित संरक्षण मिळतं का तेही विचारा. दावा करताना एफआयआर, दोन्ही किल्ल्या आणि पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा, मागतात. पोलिसांत त्याच दिवशी जा आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं एका चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात, पोलिसांत लगेच तक्रार दिलेली असेल तर विमा कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून दावा नाकारता येणार नाही असा निकाल दिला. त्या ट्रॅक्टरमालकाला कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले होते. ट्रॅक्टर गेला २०१० मध्ये, निकाल लागला २०२० मध्ये. एवढी वर्षं कोर्टात काढण्यापेक्षा त्याच दिवशी एक अर्ज देऊन पोच घेतलेली बरी.

आता ती दुसरी जीप. घ्यायला आम्ही दोघे सांगोल्याकडे गेलो होतो. जीप देखणी, रंग नवा, आबांना लगेच आवडली. मिस्त्रीमामांनी फोनवर सांगितलं होतं, “रंग बघू नगा, चॅसीवर हात फिरवा.” आरटीओत नंबर घेतात तसा आम्ही चॅसीवर कागद धरून पेन्सिल घासली. ठसा उमटला. एक आकडा बाकीच्यांपेक्षा खोल होता आणि त्याच्या आजूबाजूचा पत्रा ग्राइंडर मारल्यासारखा सपाट. आबांनी कागद घडी करून खिशात टाकला, चहा घेतला आणि आम्ही परत आलो. पुढे दोन महिन्यांनी दुसरीकडे एक मिळाली, साधी, रंग उडालेली. तिचा ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीतही तिचं नाव चोरीत नव्हतं. तो पेन्सिलचा ठसा माझ्या बारावीच्या फिजिक्स जर्नलच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला आहे, आणि ते जर्नल घरी कपाटात आहे. जीपमध्ये नाही.